पाहुण्यांची खोली की घरच्यांची?

दसरा झाला की आपल्या बायकांच्या बोलण्यात एक विषय हमखास येतो. ‘या दिवाळीला हॉलचं काहीतरी करायलाच हवं गं!’ स्वयंपाकघर कसंही चालतं, मोरीची फरशी फुटलेली असली तरी चालते, पण बाहेरची खोली डोळ्यांत खुपते. कारण ती चार लोकांना दिसते. मग मोबाइलवर सजावटीचे व्हिडिओ बघायचे, शेजारणीच्या सुनेनं घेतलेला सोफा बघून यायचा, दुकानात जाऊन भाव विचारायचा आणि भाव ऐकून हात हलवत परत यायचं. नाहीतर सरळ हप्त्यावर उचलून मोकळं व्हायचं!

खरं तर आपल्या गावाकडच्या घरांत बैठकीच्या खोलीवर फार ओझं असतं. दहा बाय बाराची ती एवढीशी खोली. तिच्यात टीव्ही, आजोबांची कॉट, मुलांचा अभ्यास, शिलाई मशीन, चैत्रातलं हळदीकुंकू, भिशी आणि रात्री तिघांची अंथरुणं. चार खोल्यांचं काम ती एकटी करते. आणि आपली अपेक्षा काय, तर तिनं जाहिरातीतल्या हॉलसारखं दिसावं!

आमच्या बचत गटात मागे एका मैत्रिणीनं २५ हजारांचं कर्ज मागितलं. मुलीला बघायला पाहुणे येणार होते, त्याआधी हॉल नीट करायचा होता. नवा सोफा घ्यायचा, सासऱ्यांची कॉट मागच्या पडवीत हलवायची, आणि मुलगी ज्या कोपऱ्यात बसून अभ्यास करायची तिथं शोकेस ठेवायचं, असा बेत. गटाचं व्याज शेकडा दोन रुपये महिना, म्हणजे वर्षाला २४ टक्के. कर्ज द्यायला कुणाची ना नव्हती. पण आमच्यातल्या एक वयस्कर मावशी म्हणाल्या, ‘‘अगं, सोफा येणार, शोकेस येणार. म्हातारा जाणार, पोरगी जाणार. मग त्या खोलीत बसणार कोण?’’

सगळ्या हसल्या, ती मात्र हसली नाही. दोन दिवसांनी घरी आली आणि म्हणाली, ‘‘ताई, कर्ज नको. साठवलेले दहा हजार आहेत. त्यात काय होईल ते सांगा.’’

मग आम्ही चौघी-पाचजणी कामाला लागलो. त्यातून जे केलं आणि जे कळलं, ते तुम्हालाही उपयोगी पडेल.

आधी बाहेर काढा

पहिल्या कामाला एक पैसा लागत नाही. खोलीतलं सगळं सामान अंगणात काढा. अगदी सगळं! तिच्याकडे काय काय निघालं म्हणता? भिंतीवरची तीन घड्याळं, त्यातली दोन बंद. चार कॅलेंडर. प्लास्टिकच्या पिशवीतून कधीच बाहेर न काढलेला टेडी. भेट आलेल्या सहा फुलदाण्या. कॉटखाली जुन्या मिक्सरचं खोकं, त्यात मिक्सर नाही! आत परत नेताना एकच नियम केला. वर्षभरात वापरलेलं असेल किंवा कुणाचा खरोखर जीव अडकलेला असेल, तेच आत जाईल. निम्मं सामान बाहेरच राहिलं, आणि खोली होती त्याहून मोठी दिसायला लागली.

नवं फर्निचर घ्यायचंच असेल तर दुकानात जाण्याआधी जुनी वर्तमानपत्रं घ्या आणि सोफ्याच्या मापाची जमिनीवर अंथरा. तीन जणांचा सोफा साधारण सहा-साडेसहा फूट लांब आणि अडीच-तीन फूट रुंद असतो. शेजारी एकेकट्या दोन खुर्च्यांचीही मापं अंथरा. आता हातात चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारापासून बाहेरच्या दारापर्यंत चालून बघा. दोन-अडीच फुटांची वाट मोकळी राहिली पाहिजे. कागदावर पाय पडला, म्हणजे तो सोफा तुमच्या खोलीचा नाही. दुकानाच्या मोठ्या दालनात वस्तू लहानच दिसते, फसायला होतं.

भिंतीचं दुखणं आधी, रंग नंतर

दरवर्षी रंग देऊनही भिंतीचे पोपडे निघतात, तेव्हा दोष बहुतेक वेळा रंगाचा नसतो, ओलीचा असतो. ओल कुठून येते ते शोधायची एक सोपी युक्ती आहे. फूटभर जाड प्लास्टिकचा तुकडा ओल्या वाटणाऱ्या जागी चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, पाण्याचे थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीतल्या दमट हवेचा प्रश्न आहे. मग खिडक्या उघडा, आत कपडे वाळत घालणं थांबवा, काम झालं.

भिंतीतून येत असेल तर पलीकडे काय आहे ते बघा. मोरी, पाण्याची टाकी, तुंबलेला पन्हाळा, गच्चीची भेग, यातलं काहीतरी सापडतंच. आमच्या मैत्रिणीच्या भिंतीमागं मोरी होती आणि फरशांच्या फटी उघड्या पडल्या होत्या. शंभर रुपयांच्या पांढऱ्या सिमेंटनं त्या भरल्या. भिंतीला पांढरी पावडर, म्हणजे लोणा लागला असेल, तर तो कोरड्या ब्रशनं झाडून काढा. पाण्यानं पुसलात तर तो क्षार विरघळून परत भिंतीत जातो. आणि दुरुस्तीनंतर भिंतीला पुरतं वाळू द्या. कोकणातल्या मैत्रिणींनी तर दसऱ्याची घाईच करू नये, पावसाळ्यानंतर चांगलं ऊन खाऊ द्यावं.

आणखी एक महत्त्वाचं. जुन्या भिंतीला वर्षानुवर्षं चुन्याचा हात दिलेला असेल तर त्यावर थेट डिस्टेंपर किंवा इमल्शन लावू नका. हात फिरवला आणि बोटांना पांढरं लागलं, की समजा खालचा थर सुटा आहे. तो खरवडून, प्राइमर देऊन मगच रंग. नाहीतर नवा रंग जुन्या चुन्यासकट पापुद्र्यासारखा सुटून येतो. आणि पैसे कमी असतील तर पुन्हा चुनाच द्या की! चांगली कळीचा चुना रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, त्यात खळ आणि किंचित नीळ घालून दिलेली सफेदी आजही सगळ्यात स्वस्त आणि स्वच्छ दिसते.

दारं-खिडक्यांवर जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नका. पूर्वीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. रंगातल्या शिशावर कडक मर्यादा घालणारे नियम आपल्याकडे २०१६ मध्ये आले. त्याआधीच्या रंगाची धूळ लहान मुलांच्या पोटात जाणं वाईट. पाण्याचा पॉलिश पेपर वापरा, भिजवून घासा, आणि तेवढा वेळ मुलांना मामाकडे पाठवा!

रंगाचा हिशेब स्वतः करा

रंगारी सांगेल तेवढे डबे आणायचे, हे आता पुरे. हिशेब चौथीच्या गणितातला आहे. खोली १० बाय १२, म्हणजे चारी भिंतींची लांबी मिळून ४४ फूट. उंची १० फूट. झाले ४४० चौरस फूट. त्यातून दोन दारं आणि दोन खिडक्यांचे साधारण ८० वजा. उरले ३६०. रंगाच्या डब्यावर एक लिटर दोन हातांना किती चौरस फूट पुरतो, ते छापलेलं असतं. त्या आकड्यानं भागा. भिंत खडबडीत असेल तर थोडा जास्त धरा. छत पांढरंच ठेवा, उजेड वाढतो.

छटा निवडताना दुकानातल्या छोट्याशा कार्डावर भुलू नका. कार्डावरचा रंग भिंतीवर चढला की गडद दिसतो. लहान डबी आणून दोन बाय दोन फुटांचा तुकडा रंगवा. सकाळी बघा, दुपारी बघा, रात्री दिव्यात बघा. उजेड कमी येणाऱ्या खोलीला मलईसारखा किंवा कोवळा पिवळा रंग बरा दिसतो. दुपारचं पश्चिमेचं ऊन येत असेल तर फिकट हिरवा किंवा निळसर. खाली शहाबादी फरशी असेल तर ती मुळातच राखाडी, मग भिंतीही राखाडी नकोत, खोली उदास दिसते. आणि हो, शहाबादी फरशी चकचकीत करायला लिंबू, व्हिनेगर किंवा ॲसिड अजिबात नको. तो चुनखडीचा दगड आहे, आंबटानं खातो. साध्या साबणाच्या पाण्यानं घासा.

आमच्या मैत्रिणीनं पुट्टी आणि प्राइमरसाठी एक दिवस रंगारी लावला. रंगाचे दोन हात तिनं आणि मुलीनं रोलरनं दिले. मुलीचे वडील पहिल्या दिवशी ‘तुम्हाला जमणार आहे का?’ म्हणत होते, दुसऱ्या दिवशी स्वतःच स्टुलावर चढले.

सोफा मोडीत काढण्याआधी

तिच्या लग्नातला लाकडी सोफा होता. गाद्या बसलेल्या, कापड फाटलेलं. भंगारवाला पाचशे रुपये देतो म्हणाला. सुताराला दाखवला तर तो म्हणाला, ‘‘वहिनी, हे सागवान आहे. आता असं लाकूड घ्यायला गेलात तर डोळे पांढरे होतील.’’ आज स्वस्तात मिळणारं बरंचसं फर्निचर लाकडाच्या भुशाच्या पाट्यांचं असतं. दिसायला छान, पण पाणी लागलं की फुगतं आणि एकदा स्क्रू सुटला की परत धरत नाही. तेव्हा जुना सांगाडा दणकट असेल तर तो सोडू नका.

बैठकीच्या गाद्यांसाठी ४० डेन्सिटीचा फोम मागा. पाठीला त्याहून मऊ चालतो. २२ इंच लांब-रुंद आणि ४ इंच जाड गादीच्या खोळीला ५४ इंच पन्ह्याचं कापड एक मीटर पुरतं. वरची आणि खालची बाजू शेजारी-शेजारी बसतात, उरलेल्यात कडेच्या पट्ट्या निघतात. पाच बैठकी आणि पाच पाठी, म्हणजे दहा मीटर. खोळीला चेन लावाच, म्हणजे काढून धुता येतात. रंग असा घ्या की त्यावर चहा सांडला तर जीव वर-खाली होणार नाही. पांढरा सोफा मालिकेतल्या बायकांनाच परवडतो!

साडीचे पडदे

कपाटात नेसून कंटाळलेल्या, पण फाटलेल्या नाहीत अशा दोन-चार सुती किंवा सिंथेटिक साड्या प्रत्येकीकडे असतातच. साडी साडेपाच मीटर, म्हणजे १८ फूट. चार फुटी खिडकीला वर-खाली दुमड धरून पाच फुटांचा पडदा कापला तर एका साडीत तीन पडदे होतात. पडदा चुणीदार दिसायला खिडकीच्या रुंदीच्या दीड ते दुप्पट कापड हवं. चार फूट रुंद खिडकीला साडीचे दोन पडदे बरोबर होतात. म्हणजे दोन खिडक्यांना दोन साड्या, आणि वर दोन तुकडे उशांच्या अभ्र्यांना शिल्लक.

कापण्याआधी साडी मिठाच्या पाण्यात भिजवून रंग जातो का ते बघा. उन्हाच्या खिडकीला जुन्या पांढऱ्या चादरीचं अस्तर लावा, नाहीतर साडी दोन उन्हाळ्यांत विरते. दांडी खिडकीच्या वर आणि दोन्ही बाजूंना पाच-सहा इंच पुढं लावली, की पडदे सारल्यावर पूर्ण खिडकी उघडी राहते आणि उजेड अडत नाही.

उजेडावरून आठवलं. जुनी ४० वॅटची ट्यूब चोकसकट ५० वॅटच्या आसपास वीज खाते. २० वॅटची एलईडी ट्यूब तेवढाच उजेड देते. रोज पाच तास लावली तर महिन्याला साडेचार युनिट वाचतात. खर्च एकदाच, बचत दर महिन्याला.

आजोबांची कॉट आणि तिची जागा

आता मुख्य मुद्दा. कॉट हलवायची की नाही? नाही हलवली. उलट ती खिडकीपाशी आणली. दिवसा तिच्यावर सोलापुरी चादर, भिंतीकडून दोन लोड, झाली बैठक. रात्री आजोबांचं अंथरूण. हाताच्या अंतरावर चष्मा, औषधं आणि पाण्याच्या तांब्यासाठी छोटी फळी. दिव्याचं बटण उठल्याशिवाय पोचेल असं. कॉटपासून मोरीपर्यंतच्या वाटेवर ना पायपुसणं, ना सतरंजीची दुमडलेली कड. म्हाताऱ्या माणसाचं घरातलं पडणं अशाच गोष्टींनी होतं.

मुलीच्या कोपऱ्यात सुतारानं भिंतीला बिजागरीची फळी ठोकून दिली. उघडली की टेबल, मिटली की भिंत.

मग मी तिला विचारलं, ‘‘आणि तू कुठं बसतेस गं या खोलीत?’’ ती गोंधळली. विचार करून म्हणाली, ‘‘मी? मी दारात असते.’’

मैत्रिणींनो, खरं सांगा, आपल्यापैकी कितीजणी अशाच ‘दारात’ असतात? पाहुण्यांना पाणी द्यायचं, चहा द्यायचा आणि चौकटीला टेकून उभ्यानं बोलायचं. पाच जणांच्या बैठकीत सहावी जागा धरलेलीच नसते. तिच्या घरी आम्ही आतल्या दाराजवळची एक खुर्ची तिची म्हणून ठरवली. टीव्ही दिसेल आणि गॅसवरच्या दुधाकडेही लक्ष राहील अशी.

पाहुणे आले, तेव्हा आजोबा कॉटवर स्वच्छ धोतर नेसून बसले होते. सगळ्यात जास्त गप्पा त्यांनीच मारल्या. स्थळ पुढं जमलं नाही, ते वेगळ्या कारणानं. पण ती खुर्ची तिथंच आहे, आणि फळीवर मुलीचा अभ्यासही चालू आहे.

भिंतीवर काय लावाल?

चकचकीत पोस्टरपेक्षा घरातलंच काही लावा. आजीनं शिवलेली गोधडी नीट धुऊन दांडीवर अडकवली तर कुठल्याही चित्राला हार जात नाही. हल्ली वारली चित्रांच्या छापील चादरी, पडदे, कप सगळं मिळतं. पण मूळ वारली चित्र हे घरातल्या बायकांचं काम. लग्नघरी गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं सवाशिणी लग्नाचा चौक काढतात. जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणून जगभर पोचवली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. तेव्हा गेरू आणि पांढरा रंग आणून तुमच्या लेकीनं एक पट्टा रंगवला तर तो या परंपरेपासूनच शिकणं आहे. गेलेल्या माणसांचे फोटो एकाच भिंतीवर एका ओळीत लावा, आणि त्यांचे प्लास्टिकचे हार निदान सणाला तरी धुवा.

आमचा दहा हजारांचा हिशेब

(आमच्या भागातले भाव आहेत, तुमच्याकडे थोडं इकडे-तिकडे होईल.)

- रंग, प्राइमर, पुट्टी : २,८०० रु.
- रंगाऱ्याची एक दिवसाची मजुरी : ९०० रु.
- पाच बैठकींचा फोम : २,७०० रु.
- खोळींचं कापड, १० मीटर : १,८०० रु.
- पडद्यांच्या दांड्या आणि कड्या : ४५० रु.
- एलईडी ट्यूब : २५० रु.
- पांढरं सिमेंट : १०० रु.
- फळी, बिजागऱ्या आणि सुतार : ६०० रु.
- एकूण : ९,६०० रु.

पडदे आणि खोळींची शिलाई गटातल्या मैत्रिणींनी केली. उरलेल्या ४०० रुपयांत मुलीच्या टेबलासाठी दिवा आला.

‘शून्य टक्के’ची गंमत

जाता जाता हप्त्यांबद्दल. समजा २४ हजारांचा सोफा ‘शून्य टक्के व्याजानं’ बारा हप्त्यांत मिळतो. महिना दोन हजार, वाटतं फुकटच! पण विचारा, फाइलचा खर्च किती? समजा ८०० रुपये. रोख घेतला तर किती कमी होईल? समजा २ हजार. म्हणजे तो सोफा रोखीनं २२ हजारांचा होता आणि तुम्ही देणार २४,८००. ते २,८०० रुपये म्हणजेच व्याज, फक्त नाव बदललेलं. रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसते. शिवाय हप्ता चुकला की दंड वेगळा. शाळेची फी, शेतीचं बियाणं, दवाखाना या गोष्टी थांबत नाहीत, सोफा थांबू शकतो. कर्ज काढायचंच तर शिलाई मशीनसाठी काढा, ते आपला हप्ता आपण फेडतं.

यंदा हॉलचं काही करायचं मनात असेल, तर दुकानाची पायरी चढण्याआधी एका संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा, ‘या खोलीत तुला काय करायचं असतं?’ सासूबाईंना विचारा, मुलांना विचारा, नवऱ्याला विचारा. आणि तुमचं उत्तरही कागदावर लिहा. ‘माझं काय, मी कुठंही बसेन’ हे उत्तर चालणार नाही!